परकी शिवण

सासूबाई गाडीत मागे बसल्या, माझ्या पाठीशी. माझ्या शेजारची जागा मोकळी होती. तिच्यावर त्यांनी चहाचा थर्मास, उकडलेल्या अंड्यांचा डबा आणि स्वतःची शाल मांडून ठेवली, रुमाल टाकून जागा धरावी तशी. ती सीट शेवटपर्यंत मागे नेलेली होती; तिच्यामागे गुडघे ठेवायलाही वाव नव्हता. लांब्याला पाय पसरायला तेवढी जागा लागत असे. गाडी त्याची, पण चालवायची मी, आणि शेजारी बसून रस्त्याला नावे ठेवायची त्याने, असा आमच्या संसारातला अलिखित करार होता.

लांब्या म्हणजे माझा नवरा, सासूबाईंचा एकुलता एक मुलगा. उंचीवरून शाळेत पडलेले नाव घराने उचलले आणि पुढे तेच खरे होऊन बसले. बंदर खात्यात तो किनाऱ्यावरचे दिवे दुरुस्त करायचा. तीन हिवाळ्यांपूर्वी उत्तरेच्या टोकाला, जिथे रस्ता संपतो आणि नकाशावर केवळ निळा रंग उरतो, तिथल्या एका खडकावरचा विझलेला दिवा लावायला तो एकटाच होडी घेऊन गेला. दिवा लागला. होडी उलटी सापडली. तो सापडला नाही.

त्यानंतर आमच्या घरात कुणी रडले नाही. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावले, "न सापडलेल्या माणसासाठी रडायचं नसतं. तो वाटेत असतो." हा कुठल्या शास्त्रातला नियम नव्हता, त्यांचा स्वतःचा होता, आणि त्यांचे नियम शास्त्रापेक्षा कडक असत. टेबलावर तिसरे ताट मांडले जाऊ लागले. भेटायला आलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला की त्या विचारायच्या, "सर्दी झालीय का?" त्या घरात रडणे ही फितुरी होती. मी न्हाणीघरात नळ सोडून बसायची, तर बाहेरून दारावर टकटक होई, "अगं, पाणी वाया जातंय." मी नळ बंद करायची. उरलेले पाणी आत कुठेतरी साठत राहिले, आणि मला कधी कधी वाटे की बुडालेला तो नाही, मी आहे. फक्त माझी होडी अजून सरळ तरंगते आहे, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

बर्फ वितळल्यावर बंदरावरून फोन आला. त्या खडकाच्या अलीकडे एका कपारीत कोट सापडला होता. गडद लोकरीचा, खांद्यात रुंद, बाह्यांना लांब. घरच्यांनी ओळखला, तर लांब्याच्या नावापुढचा 'बेपत्ता' हा शब्द काढता येईल. नाही ओळखला, तर तो तसाच राहील, कदाचित माझे केस पांढरे होईपर्यंत.

"असले कोट इथे दर तिसरा माणूस घालतो," बंदरावरचा अधिकारी फोनवर म्हणाला, "त्यामुळे वाटतं-बिटतं चालायचं नाही. ज्यानं शिवला त्यानंच बघून सांगितलं, तर काम होईल."

कोट सासूबाईंनी शिवला होता.

त्यांचे शिवणाचे दुकान चौकामागच्या गल्लीत होते. लांब फळी, तिच्यावर वर्षानुवर्षांच्या खडूने आलेली साय, भिंतीला माणसांच्या आकाराचे कागदी बेत टांगलेले. कापायच्या त्या. मी इस्त्री, काज-बटणे आणि गिऱ्हाइकांची समजूत एवढे सांभाळायची. समजूत घालण्याचे काम सर्वांत मोठे होते, कारण दुकानाचा एक नियम गावभर प्रसिद्ध होता: दुसऱ्याने शिवलेल्या कपड्याला सासूबाईंची सुई लागत नसे. उसवले, फाटले, आखूड झाले, काहीही असो. "ज्याच्या हातून निघालं त्याच्याकडे परत जाऊ दे. परक्या शिवणीत सुई घातली की उद्या पुन्हा उसवल्यावर बोल कुणाला लावायचा?" एकदा मुलाच्या लग्नाला निघालेले एक गृहस्थ विजार मागे उसवली म्हणून धावत आले. वर मंडपात लोक खोळंबलेले. सासूबाईंनी विजारीची शिवण दुरूनच पाहिली आणि म्हणाल्या, "आमची नाही. तुम्ही असं करा, आज कुणाला पाठ दाखवू नका." गृहस्थांनी त्या दिवशी सगळे समारंभ भिंतीला टेकून पार पाडले म्हणतात.

आपल्या हातचे काम मात्र त्या कधीही परत घेत. वीस वर्षांनी आलेला कोटसुद्धा आजारी लेक माहेरी यावी तसा त्या आत घेत असत.

*

शहर मागे पडल्यावर रस्ता आधी रुंद होता, मग अरुंद झाला, मग एकाकी. झाडे हळूहळू बुटकी होत गेली. वाऱ्याने प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवले होते. पुढे झाडेही संपली. उरले ते दगड, दगडांवरचे करडे शेवाळ आणि एक उजेड, जो सावली न पाडता सगळीकडे सारखा पसरलेला असे. त्या प्रदेशात उन्हाळ्यात दिवस मावळायला तयार नसतो. संध्याकाळ येते, दाराशी थांबते, आत येत नाही. आमच्या घरातल्या दुःखासारखीच.

मागून सूचना चालू होत्या.

"हळू घे."

"हळूच घेतेय आई. यापेक्षा हळू घेतली तर शेळ्या पुढे जातील."

"जाऊ दे की. त्यांना घाई असेल."

आरशात त्यांचा चेहरा दिसे: घट्ट बांधलेला अंबाडा, चष्म्याच्या दांडीला गुंडाळलेला दोरा, आणि हनुवटीखाली छातीशी धरलेली चामड्याची छोटी पिशवी, जिच्यात सुया, दोरे, अंगुस्तान आणि एक नखाएवढी कात्री असे. गावाला जाताना लोक औषधे घेतात. त्या ही पिशवी घेत.

"ड्रायव्हर," त्या एकदम म्हणाल्या, "चहा दे."

"ड्रायव्हरला 'अहो' म्हणायची पद्धत आहे."

"अहो ड्रायव्हर, चहा द्या, आणि डोळे पुढे ठेवा."

मी गाडी कडेला घेतली. थर्मास उचलताना शेजारच्या सीटवरची शाल सरकली, तर त्यांनी पुढे वाकून ती पुन्हा नीट पसरली. दाराबाहेर वारा इतका होता की कपातल्या चहावर लाटा उठल्या. मनात कितीतरी दिवस घोळत असलेला प्रश्न मी तिथेच विचारला, त्यांच्याकडे न पाहता.

"आई, तुम्हाला ओळखता येईल ना?"

"माझं काम मला ओळखता येणार नाही?"

"समुद्रात होता तो. रंग उडाला असेल, आटला असेल."

"आटू दे. खूण आहे."

"कसली?"

"आहे एक. मला माहीत आहे आणि त्याला माहीत आहे."

"मला सांगून ठेवा ना."

"सांगितलं की तू तीच शोधत बसशील," त्या चहा फुंकत म्हणाल्या. "डोळे फार आज्ञाधारक असतात बाई. शोधायला सांगितलं की सापडवून आणतात."

मला तो कोट शिवला जात होता तेव्हाचे दिवस आठवले. लांब्याची उत्तरेला बदली झाली होती. सासूबाईंनी दुकानाचे दार अर्धे ओढून घेतले आणि एकट्यानेच कोट पुरा केला. मला इस्त्रीलाही दिला नाही. "लोकर आहे, तुझी इस्त्री गरम असते," म्हणाल्या. तो घालून लांब्या आमच्या खोलीच्या आरशासमोर उभा राहिला, दोन्ही बाह्यांवरून हात फिरवत राहिला आणि खो खो हसला. मी विचारले, काय झाले. तो म्हणाला, "आमचं मायलेकरांचं आहे." मला तेव्हा थोडा राग आला होता. आता वाटते, त्या रागाचीही घडी करून कुठेतरी ठेवायला हवी होती.

आम्ही पुढे निघालो. बराच वेळ गेला आणि मग त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "तुला काय हवंय, ते मला कळतं."

मी गिअर बदलला.

"तो कोट त्याचाच निघावा, असं हवंय तुला."

"मला त्याच्यासाठी रडायचंय, आई," मी म्हणाले. इतकी वर्षे न बोललेले वाक्य एवढे छोटे असेल याची मला कल्पना नव्हती. "बाकी काही नको. मला बाकी कुठे जायचं नाही, कुणाकडे जायचं नाही. फक्त एकदा, नळ न सोडता."

आरशात त्यांनी मान खिडकीकडे वळवली. "खड्डा आहे," त्या म्हणाल्या. खड्डा नव्हता.

*

मुक्काम रस्त्याकाठच्या एका खानावळीत होता. चार खोल्या, एक शेगडी, खिडक्यांना जाड पडदे, कारण बाहेर उजेड झोपू देत नाही. मालकीण उंच, ठसठशीत, बोलायला आसुसलेली बाई होती. सासूबाईंची पिशवी पाहून तिचा चेहरा उजळला. तिने खुंटीवरचे आपले जाकीट आणले. खिसा अर्धा फाटून लोंबत होता.

"मावशी, देवासारख्या आलात. एवढे चार टाके घाला. इथे शिंपी म्हणाल तर दोन दिवसांच्या वाटेवर."

सासूबाईंनी जाकीट हातातही घेतले नाही. मान तिरकी करून खिशाची कड पाहिली. "कुणी शिवलंय?"

"विकत घेतलेलं आहे."

"मग माझ्याच्यानं नाही होणार."

"होणार नाही म्हणजे? सुई आहे, दोरा आहे, डोळे आहेत!"

"परक्याच्या शिवणीला माझी सुई लागत नाही. राग मानू नका."

"सोनं झिजतं का काय तुमच्या सुईचं?"

"सोनं नाही हो. नाव झिजतं."

मालकिणीने माझ्याकडे पाहिले, की ही म्हातारी शुद्धीवर आहे ना. मी नेहमीप्रमाणे समजूत घालायला पुढे झाले आणि म्हणाले की मी घालते टाके. घातलेही, पण माझे टाके सरळ नव्हते. सकाळी नाश्त्याच्या वेळी मालकिणीने सासूबाईंपुढे कप असा आपटला की बशीत तळे झाले. सासूबाईंनी शांतपणे बशीतला चहा कपात ओतला आणि बाहेर पडताना मला म्हणाल्या, "तुझा शेवटचा टाका ढिला आहे. महिन्याभरात खिसा पुन्हा लोंबेल, आणि ती बाई शिव्या मला घालेल."

"मग तुम्हीच घालायचे होते."

"घातले असते तर तो खिसा माझा झाला असता," त्या म्हणाल्या. "आणि आपल्याला काय काय आपलं म्हणता येतं, यालाही मर्यादा असते गं."

हे वाक्य त्यांनी इतक्या सहज टाकले की मी ते ऐकले आणि गाडीची किल्ली शोधू लागले.

*

रस्ता जिथे संपला तिथे खरोखरच काही नव्हते: एक धक्का, दोन होड्या, पत्र्याची गोदामे, आणि पलीकडे समुद्र. तो निळा नव्हता. पाटी पुसल्यावर उरतो तसा करडा होता. दूर, पाण्यातून वर आलेल्या एका काळ्या खडकावर तो दिवा होता. भर उजेडातही ठरावीक अंतराने उघडझाप करणारा. लांब्याने लावलेला. मी त्याकडे पाहिले आणि लगेच नजर काढून घेतली. अजून कुणालाच, मलाही, तो पाहण्याचा हक्क मिळाला नव्हता.

बंदराच्या कचेरीत एक शेगडी, एक टेबल, भिंतीला ओळीने रबरी बूट आणि दोरांचा ओला वास होता. अधिकारी जाडजूड, मवाळ माणूस होता. त्याला सर्दी झाली होती आणि तो दर वाक्याआधी माफी मागून नाक पुसत होता. त्याने आम्हाला शेगडीजवळच्या खुर्च्या दिल्या, स्वतः उभा राहिला.

"गोड्या पाण्यात बुडवून मीठ काढलंय," तो म्हणाला. "सावलीत वाळवलाय. आमच्या हिनं लक्ष ठेवलं. जमेल तेवढं जपलंय, मावशी."

त्याने कोट टेबलावर ठेवला. पाठ वर, बाह्या दोन्ही बाजूंना. पालथा झोपलेला माणूसच तो. रंग गेला होता; हिरवा होता की काळा, सांगता येत नव्हते. डाव्या कुशीला अस्तर उसवून लोंबत होते. कॉलरच्या आतली चिठ्ठी गळून गेली होती. त्याचाच आहे असे मला वाटले, पण वाटण्याला पुरावा म्हणत नाहीत. तसे तर मला रस्त्यातल्या प्रत्येक उंच पाठीकडे पाहून वाटत आले होते.

"बटणं सगळी शाबूत आहेत," अधिकारी हळू आवाजात म्हणाला. "ताणून तुटलेलं एक नाही. म्हणजे ज्याचा असेल त्यानं स्वतःच काढला असावा. पाण्यात जड होतो ना. पोहण्यासाठी."

"असावा," सासूबाई म्हणाल्या.

त्या उठल्या. चष्मा पुसला. कोटाला त्यांनी लगेच हात लावला नाही. आधी भोवती फिरल्या, जशा गिऱ्हाइकाभोवती फिरतात. मग उजव्या बाहीवरून, खांद्यापासून मनगटापर्यंत तळवा फिरवला. मग डाव्या बाहीवरून. डाव्या बाहीवर हात मध्येच थांबला. शेगडीतले लाकूड तडकले. अधिकाऱ्याने नाकाशी नेलेला रुमाल तिथेच राहिला होता.

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "माझं काम नाही हे. इतकं वाईट काम माझ्या हातून होत नाही."

"नीट बघा, मावशी. घाई नाही."

"चाळीस वर्षं तेच बघतेय. माझ्या मुलाचा कोट नाही हा."

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत दया होती, आणि ती दया मला सहन झाली नाही. मी दार उघडून बाहेर पडले.

*

धक्क्याच्या टोकाशी एक लोखंडी खुंट होता, होड्या बांधायचा. मी त्याला धरून उभी राहिले. वारा इतका थंड होता की डोळ्यांत पाणी आले. पण ते वाऱ्याचे पाणी होते, माझ्या हिशेबात धरण्यासारखे नव्हते. दिवा उघडत होता, मिटत होता. एवढी वाट तुडवून आम्ही जगाच्या काठापर्यंत आलो होतो आणि काठालाही आमच्याविषयी काही म्हणायचे नव्हते.

मी सासूबाईंवर चिडले होते असे म्हणणे पुरेसे नाही. मला त्यांचा हेवा वाटत होता. एका 'नाही'च्या बळावर त्या एक माणूस जिवंत ठेवू शकत होत्या; माझ्याजवळ तेवढा मोठा शब्द नव्हता. आता परत जायचे. तिसरे ताट मांडायचे. नळ बंद करायचा. वाटेत असलेल्या माणसाची वाट, वाटेला म्हातारपण येईपर्यंत, बघायची. मला असेही वाटले की कदाचित त्या खरे बोलत असतील, आणि हा कोट कुण्या दुसऱ्या उंच माणसाचा असेल, ज्याची आई कुठे दुसरीकडे ताट मांडत असेल. या विचाराने उलट अधिक एकटे वाटले.

बोटे बधिर झाली तशी मी परत फिरले. कागदांवर 'ओळख पटली नाही' असे लिहून सही करायची होती, आणि ती सही मलाच करावी लागणार होती.

कचेरीचे दार उघडले तेव्हा अधिकारी टेबलामागे अवघडून उभा होता.

"मी म्हटलं, राहू द्या," तो मला पाहून सांगू लागला, गुन्हा त्याचाच असल्यासारखा. "मावशी ऐकेनात. अस्तर लोंबतंय म्हणाल्या. मी म्हटलं, तुमचा नाही ना, मग कशाला त्रास."

सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. कोट त्यांच्या मांडीवर होता. चामड्याची पिशवी उघडी होती. बोटात अंगुस्तान होते, आणि त्यांची सुई उसवलेल्या अस्तराच्या कडेतून आत जात होती, बाहेर येत होती, आत जात होती.

मी दारातच थांबले. त्या माणसाला काय कळणार होते? त्याला एक हट्टी म्हातारी सवयीने हात चालवताना दिसत होती. मला मात्र मुलाच्या लग्नाला निघालेले ते गृहस्थ आठवले, लोंबणारा खिसा आठवला, चार टाक्यांसाठी विनवणारी ती बाई आठवली; आणि आयुष्यात कधीही, कुणासाठीही, परक्या शिवणीला न लागलेली ती सुई माझ्या डोळ्यांसमोर टाक्यामागून टाका घालत होती.

"आई," मी म्हणाले. "कुणाची शिवण आहे ती?"

"दार लाव. वारा येतोय."

मी दार लावले.

"आणि उजेड अडवू नकोस. इथे बस."

मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले. त्यांनी टाका ओढून घट्ट केला, सुई अस्तरात टोचून ठेवली आणि माझे मनगट धरले. त्यांची बोटे माझ्याहून गार होती. माझा तळवा त्यांनी उजव्या बाहीवर, काखेजवळ, जिथे कापड कमी झिजले होते तिथे ठेवला आणि खाली ओढला. लोकरीची बारीक लव तळव्याखाली निजत गेली.

"कळली?"

"हो."

"आता ही."

डाव्या बाहीवर तसाच, वरून खाली, हात फिरवताना लव माझ्या तळव्याविरुद्ध उभी राहिली. मांजराला उलटे गोंजारावे तशी. तीन हिवाळे, बर्फ, मीठ, खडक. एवढे सोसूनही ती आपल्या उलट्या दिशेला इमानाने धरून होती.

"बाही उलटी बेतली मी," त्या म्हणाल्या. "कापड पालथं पडलं होतं फळीवर आणि मी बघितलंच नाही. त्याची बदली झालेली, माझं लक्ष कुठे होतं? शिवून झाल्यावर कळलं. शिकाऊ पोरसुद्धा असली चूक करत नाही. म्हटलं उसवते, दुसरी बाही लावते, दोन दिवस दे. तर घालूनच बसला गाढव. काढेचना."

"हसत होता," मी म्हणाले.

"हसेल नाही तर काय! म्हणाला, आई, एक बाही घरातून जायची आहे, आणि एक घरी यायची. राहू दे." कोटाच्या कॉलरवरून त्यांनी अंगठा फिरवला, मुलाच्या मानेवरचा मळ पुसावा तसा. "यायची चालली नाही गं."

अधिकाऱ्याने पाठ फिरवली आणि शेगडीत उगाच लाकूड सारले.

तेव्हा माझ्या आतून जे वर आले ते रडणे आहे हे मला क्षणभर ओळखता आले नाही. त्याचा आवाज विसरूनच गेले होते. मी कोटात तोंड खुपसले. सासूबाईंनी माझे डोके दोन्ही हातांनी उचलले आणि आपल्या पोटाशी धरले.

"रड," त्या म्हणाल्या. "कोटावर नको. त्यानं मीठ खूप सोसलंय."

त्या स्वतः रडल्या की नाही, मला दिसले नाही. माझ्या केसांवर त्यांची हनुवटी टेकलेली होती आणि ती हलत होती, एवढे कळले. बाहेर दिवसाला मावळायची घाई नव्हती. प्रथमच मला त्याचे बरे वाटले.

पुष्कळ वेळाने त्यांनी मला बाजूला केले आणि सुई पुन्हा हातात घेतली. उरलेली कड पूर्ण केली. एकसारखे, बारीक, दिसू नयेत असे टाके. गाठ मारली, नखाएवढ्या कात्रीने दोरा कापला, कोट उलटसुलट करून पाहिला.

"लिहा," त्या अधिकाऱ्याला म्हणाल्या. "शिवण माझी आहे. कोट माझ्या मुलाचा आहे."

"मघाशी तुम्ही..."

"मघाशी खोटं बोलले. तेही लिहायचं असेल तर लिहा."

त्याने ते लिहिले नाही. सह्या झाल्यावर त्याने कोट आमच्याबरोबर न्यायला दिला, आणि दारापर्यंत येऊन, पुन्हा एकदा माफी मागून, नाक पुसले. या वेळी ते सर्दीसाठी नसावे.

*

गाडीपाशी आल्यावर मी सवयीने मागचे दार उघडून धरले. सासूबाई दोन्ही हातांवर कोट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी समुद्राकडे पाहिले. दिवा उघडला, मिटला, उघडला. त्या मोजत नव्हत्या. नुसत्या पाहत होत्या, गिऱ्हाइकाच्या अंगावर बसलेला कपडा लांबून पाहावा तशा.

"काम चांगलं करायचा," त्या म्हणाल्या.

"हो आई."

मग त्यांनी कोट मागच्या बाकावर नीट, पाठीची घडी न मोडता ठेवला. पुढचे दार उघडले. सीटवरची शाल उचलून खांद्यावर घेतली, थर्मास आणि डबा खाली ठेवला, आणि हळूच, अनोळखी घरात बसावे तशा, माझ्या शेजारी बसल्या. पाय खाली टेकेनात. सीट इतकी मागे होती की त्या तिच्यात मुलीसारख्या लहान दिसत होत्या.

मी किल्ली फिरवली नाही.

"हे पुढे कसं घेतात?" त्यांनी विचारले.

"खाली दांडी आहे. वर ओढायची."

त्यांनी वाकून ओढली. हलली नाही, इतक्या दिवसांत गंजून बसली होती. मी त्यांच्या गुडघ्यांवरून वाकून त्यांच्या हाताशेजारी माझा हात लावला. दोघींनी मिळून जोर केला, तेव्हा ती करकरली आणि सीट एक एक दात सोडत पुढे सरकू लागली.

"पुरे?" मी विचारले.

"अजून थोडी," सासूबाई म्हणाल्या.